सैनिक घरासाठी ‘लांब’ झाला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीला मुलाकडे राहते. नातू इंग्लिश मीडियमला सातवीत आहे, त्याच्या वर्कशीटमध्ये ‘द सोल्जर लाँग्ड फॉर होम’ असं वाक्य आलं होतं. मराठीत सांग म्हटलं तर तो म्हणाला, सैनिक घरासाठी लांब झाला. घरात सगळे हसले, पोरगं हिरमुसलं. रात्री मला विचारतो, आजी, लाँग म्हणजे लांबच ना, मग माझं चुकलं कुठे? मला काही नीट सांगता आलं नाही.
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, आधी त्याला जवळ घ्या आणि सांगा की बाळा तू चुकलास, पण अगदी थोडक्यात चुकलास. कारण हे क्रियापद खरंच ‘लांब’ अर्थाच्या त्या इंग्रजी लाँगमधूनच आलंय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लांगिअन असं एक क्रियापद होतं, त्याचा मूळ अर्थ लांबणं, लांब होत जाणं, आणि त्याच शब्दाला दुसरा अर्थ होता ओढ लागणं, जीव तिकडे लागून राहणं. आता लांबण्याचा आणि ओढीचा काय संबंध, तर आपणही म्हणतोच ना, वेळ जाता जात नाही, एकेक दिवस वर्षासारखा वाटतोय. माणूस लांब होत नाही, त्याचा वेळ लांब होतो.

माझा भाऊ डिप्लोमाला रत्नागिरीला हॉस्टेलवर होता तेव्हा आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो. आई रोज रात्री ओटा पुसून झाला की ओल्या हातानेच भिंतीवरच्या कॅलेंडरची त्या दिवसाची तारीख पेन्सिलने खोडायची आणि मग तिथून गणपतीच्या लाल तारखेपर्यंत किती घरं राहिली ते बोटाने एकेक करून मोजायची. रोज मोजायची, म्हणजे काल तेवीस होती तर आज बावीसच असणार हे तिला कळत नव्हतं असं थोडीच आहे, तरी मोजायची. बोटाच्या ओलीने त्या चौकटी फुगून खरखरीत झालेल्या मला अजून दिसतात. तिने कधी तोंडाने ‘मला त्याची आठवण येते’ म्हटलेलं मला आठवत नाही. नातवाला लाँग शिकवायचा तर मी हे कॅलेंडर सांगेन, डिक्शनरीतला ‘तीव्र इच्छा करणे’ हा अर्थ सांगणार नाही, तो चुकीचा नाही पण त्यात जीवच नाही. तुमच्या वाक्याला मराठीत ‘सैनिकाला घराची ओढ लागली होती’ हे एकदम चपखल बसतं.

आणि एक गंमत सांगते, ही मला स्वतःला फार आवडते. आज इंग्रजीत ‘आय लाँग’ म्हणतात, म्हणजे मी करतो असं. पण जुन्या इंग्रजीत ‘मे लांगाथ’ असं म्हणायचे, तिथे ‘मे’ म्हणजे मी नाही, मला! आपल्यासारखंच झालं की. मला ओढ लागते, मला आठवण येते, मला करमत नाही, यात आपण मुद्दाम काही करत नसतो, ते आपल्याला होतं. इंग्रजीने पुढे ते वळण सोडलं, मराठीने धरून ठेवलंय, आणि मला वाटतं मराठीचंच खरं आहे, ओढ कोणी ठरवून लावून घेत नाही. (नातू पुढचा प्रश्न विचारणारच, की मग लाँग आणि लांब हे नातेवाईक का? तर नाही. लांब आला संस्कृत लम्बवरून, आणि लाँगचं नातं अभ्यासक आपल्या दीर्घ शब्दाशी जोडतात.)

वापराचं थोडक्यात. ओढ माणसाची किंवा वस्तूची असेल तर लाँगनंतर फॉर लागतोच, ‘आय लाँग यू’ हे चूक. काहीतरी करायची ओढ असेल तर टू, ‘ही लाँग्ड टू सी हिज मदर’. आणि दुसऱ्याने काहीतरी करावं अशी आस असेल तर दोन्ही, ‘शी लाँग्ड फॉर हर सन टू कम होम’, म्हणजे पोराने घरी यावं म्हणून तिचा जीव तुटत होता. पेपरात मार्क जातात ते बहुतेक त्या फॉरपायीच.

प्रश्न : मॅडम, मी महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे. क्लायंटला मेलच्या शेवटी ‘आय ॲम लाँगिंग फॉर युवर रिप्लाय’ लिहिलं. टीम लीडने बाजूला बोलावून सांगितलं की असं परत लिहू नकोस, पण का ते सांगितलं नाही. ग्रामर तर बरोबर आहे ना?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ग्रामर शंभर टक्के बरोबर आहे, फॉर पण लावलाय. अडचण वजनाची आहे. तुमच्या वाक्याचं मराठी केलं तर होतं ‘आपल्या उत्तरासाठी माझा जीव आसुसला आहे’. हे क्लायंटला कसं लिहिणार? लाँगला अंतर लागतं, काळ लागतो, आणि समोरची गोष्ट सहजासहजी मिळणारी नाही हेही त्यात असतं. दुष्काळात पावसाची, परदेशात असलेल्याला गावची, आषाढी जवळ आली की वारकऱ्याला पंढरपूरची, तिथे लाँग शोभतो. उद्या दुपारपर्यंत येणाऱ्या मेलसाठी ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ पुरे. साधी इच्छा असेल तर वॉन्ट, आणि चहाची जी आपल्याला तल्लफ येते ना त्याला क्रेव्ह.

तुम्ही विचारलं नाहीये पण याच घरातले आणखी दोन शब्द सांगून ठेवते. यर्न हा लाँगचा सख्खा भाऊ म्हणा, पण जास्त पुस्तकी, बोलताना क्वचित येतो. आणि पाइन म्हणजे झुरणं, ज्यात माणूस खात नाही पीत नाही, झुरून अर्धा होतो. या पाइनचा त्या झाडाशी काही संबंध नाही, झाडाचं नाव वेगळ्या लॅटिन शब्दावरून आलंय. झुरण्याचा पाइन आला दंड, शिक्षा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ज्याच्यावरून पेन म्हणजे दुखणं आणि पेनल्टी हे शब्दही आले. सुरुवातीला पाइनचा अर्थच छळणं असा होता. ज्याने कोणाला झुरताना जवळून बघितलंय त्याला यात काही नवल वाटणार नाही.

टीम लीडवर मात्र राग धरू नका, त्यांनी चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन सांगितलं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी मागच्या वर्षी जर्मनीला शिकायला गेली. रोज व्हॉट्सॲपवर ‘मिस यू आई’ लिहिते. मलाही मराठीत तेच लिहायचं असतं पण ‘तुझी आठवण येते’ लिहिलं की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. मिसला मराठीत दुसरा शब्द नाही का?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आहे, आणि तो तुम्ही रोज वापरता. मिसचा मूळ अर्थ नेम चुकणं. बाण लागला नाही, मिस झाला. मग गाडी मिस झाली, म्हणजे ठाण्याहून वाशीची लोकल डोळ्यांसमोर निघून गेली, चुकली. आणि त्याच मिसवरून पुढे ‘आय मिस यू’. आता मराठीत बघा, नेम चुकतो, गाडी चुकते, आणि माणूस घरात नसलं की आपल्याला काय वाटतं? चुकल्या-चुकल्यासारखं! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते.

आठवण ही मनात असते आणि सुखाचीही असू शकते. चुकल्यासारखं वाटतं ते घरात, हातापायांत. सवयीने हात पुढे जातो आणि तिथे ती नसते. म्हणून मिस यू हे लाँगपेक्षा वेगळं पडतं, जे आपल्याजवळ होतं त्याचंच मिस होतं, लाँग मात्र कधी न बघितलेल्या गोष्टीसाठीही करता येतं.

तेव्हा तिला ‘तू गेल्यापासून घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतं’ असं लिहा, आणि त्याच्या पुढे त्या दिवशी नक्की काय चुकलं तेही लिहा. आज कुकरला तुझीपण वाटी लावली. सातला लॅचचा आवाज झाला आणि मी तू आलीस म्हणून उठले, तर शेजारचे होते. एवढंच पाठवा.