झाडं लावण्याआधी एक पावसाळा बघा

नवीन घराच्या अंगणात लगेच लॉन अंथरायची घाई करू नका. आधी एक पावसाळा नुसतं बघा. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे तुंबतं, दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं, हे वहीत लिहून ठेवा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला की जवळजवळ १,००० लिटर पाणी पडतं. ते मुरवायचा खड्डा घराच्या पायापासून लांब घ्या, आणि त्याची जागा झाडांच्या आधी ठरवा. मी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून बसलो होतो. पुढे निम्मे उखडावे लागले.

पश्चिमेला सावलीसाठी करंज उत्तम, पण भिंतीला चिकटून नको.

कढीपत्ता मात्र लावाच. त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. लहान अळी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी. तिला हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते! पानं कुरतडलेली दिसली म्हणून फवारणी करू नका, खरंच. झाड पुन्हा फुटतं. शिंजीर, बुलबुल पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवतात. तुम्ही फवारलंत तर त्यांनी काय न्यायचं?

आणि पालापाचोळा जाळू नका. आळ्यात चार बोटं जाड पसरा, फक्त खोडापासून वीतभर दूर. उन्हाळ्यात तो बाजूला करून माती चिमटीत घेऊन बघा, ओल लागेल.