जास्मोनेट फवारायची घाई नको

रोपं दणकट व्हावीत म्हणून तुम्ही आठवड्यातून दोनदा जास्मोनिक आम्ल (म्हणजेच जास्मोनेट) फवारताय? आधी थांबा. हे टॉनिक नाही, झाडाची धोक्याची घंटा आहे. अळीनं पान कुरतडलं की झाडात हे आम्ल झपाट्यानं तयार होतं, 'जॅझ' नावाची प्रथिनं मोडतात आणि त्यांनी दाबून ठेवलेली संरक्षणाची जनुकं जागी होतात. टोमॅटोत मग अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनतात. पण घंटा सतत वाजत राहिली तर वाढ खुंटते, मुळं आखूड राहतात. माझा पहिला ट्रे महिनाभर बोटभर उंचीवरच अडला होता, आणि मी बसलो होतो खताला शिव्या देत!

भुरीसाठी तर याच्यावर भरवसा नकोच. भुरी ही जिवंत पेशींवर जगणारी बुरशी; तिच्याविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल या झाडातल्याच दुसऱ्या संरक्षक रसायनाचा मार्ग चालतो, आणि तो नि जास्मोनिक आम्लाचा मार्ग बरेचदा एकमेकांना दाबतात.

प्रयोग करायचाच असेल तर काही रोपं बिनफवारणीची ठेवा, तीही लांब. मिथाइल जास्मोनेट, म्हणजे याच आम्लाचं उडून जाणारं रूप, हवेतून पसरतं. १९९० मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी बंद भांड्यात सेजब्रश या मिथाइल जास्मोनेट सोडणाऱ्या झुडपाच्या फांद्यांशेजारी टोमॅटोची रोपं ठेवली, तर स्पर्शाशिवायच त्यांच्यात अळीचं पचन बिघडवणारी ती प्रथिनं वाढली.