पावती स्वतःच्या नावाने घ्या

अमळनेर तालुक्यातील ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पाचवीतला मुलगा शाळेच्या पुस्तकापलीकडे काही वाचत नाही, वाचायला बसवले की पाच मिनिटांत कंटाळतो, आणि ‘मार्क वाढणार नसतील तर गोष्टी वाचून काय करायचे?’ असे त्याचे वडील म्हणतात, हे तुम्ही लिहिले आहे. पत्राच्या शेवटी, जणू सहज, आणखी एक ओळ आहे: दहावीनंतर लग्न झाले, आता अडतिसाव्या वर्षी वाचनालयात नाव घालावेसे वाटते, पण लोक हसतील.

आधी मुलाविषयी. तो अजून ओळीखाली बोट ठेवून, अक्षरे जुळवत वाचतो, असे तुम्ही कळवले आहे. ज्याची सारी शक्ती जोडाक्षर फोडण्यात खर्च होते, त्याच्या हाती वाक्याच्या शेवटी अर्थ उरत नाही, आणि अर्थ न लागणाऱ्या गोष्टीचा कंटाळा कोणालाही येईल. त्यात तुमच्या घरी अहिराणी बोलतात. त्याच्या कानावर ‘आंडोर’ आणि ‘तठे’ असते, पुस्तकात ‘मुलगा’ आणि ‘तिथे’ येते. म्हणजे वाचता वाचता त्याला मनात भाषाही बदलावी लागते. हा आळस नव्हे, ताई, हे दुहेरी ओझे आहे, आणि त्यासाठी त्याला रागावणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून काही महिने त्याला वाचायला सांगू नका, तुम्ही वाचून दाखवा. रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे त्याला शेजारी बसवून, पान त्याला दिसेल असे धरून वाचा; अडेल तिथे तोच प्रसंग अहिराणीत सांगा आणि पुन्हा पुस्तकाच्या ओळीवर या. मुलांना स्वतः वाचता येते त्याहून बरेच अवघड ऐकून समजते. वाचून झाल्यावर प्रश्न मात्र विचारू नका, नाहीतर गोष्टीचाही धडा होईल.

घरची बोली पुस्तकात शोभत नाही, असे त्याच्या मनात राहू देऊ नका. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची गाणी घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये, खानदेशातल्याच बोलीत, ती छापून आली. हे त्याला जरूर सांगा. तुमच्याच अमळनेरात साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवत. त्याच्या आजीची एखादी गोष्ट त्यालाही वहीत लिहू द्या.

यजमानांशी मार्कांवरून वाद घालू नका. कापसावरच्या औषधाची चिठ्ठी ते दुकानदाराकडून वाचून घेतात, असे तुम्हीच लिहिले आहे; पुढच्या वेळी ती मुलाला त्यांच्यासमोर वाचू द्या.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी, कारण मला तीच खरी पत्राची ओळ वाटते. केवळ मुलाला वळण लागावे म्हणून वाचू नका. वीस वर्षे राहून गेलेली ही तुमची स्वतःची इच्छा आहे आणि तिला दुसऱ्या कारणाची गरज नाही. शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्यानुसार सरकारी अनुदान मिळते, ती सर्वांसाठीच आहेत. बाजाराच्या दिवशी मुलाला सोबत घेऊन जा, वर्गणी भरा, आणि पावती स्वतःच्या नावाने घ्या. पहिले पुस्तक तुमच्यासाठी निवडा. त्याचे तो निवडेल.