वाचकांचे प्रश्न : कूळकायद्यातली दुरुस्ती का झाली, हे कुठे सापडेल?

प्रश्न : आजोबांना कूळकायद्याने मिळालेली जमीन विकायची आहे. पूर्वी कलम ४३ खाली परवानगी लागे, आता आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरली की पुरते, असे कळले. हा बदल कधी आणि कशासाठी झाला, हे मूळ कागदांत वाचायचे आहे. सुरुवात कुठून करू? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तळटीपेपासून. बहुतेक जण थेट विधानसभेतली भाषणे शोधू लागतात आणि खंडांच्या ढिगात हरवतात. कूळकायद्याची, म्हणजे महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाची, अद्ययावत प्रत उघडून कलम ४३ च्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत पाहा. नव्या परंतुकाला (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादाच्या वाक्याला) जोडलेल्या टीपेत २०१४ चा महाराष्ट्र अधिनियम १ असा हवाला आहे. खरेदीपासून दहा वर्षे उलटली असतील तर मंजुरीऐवजी चाळीस पट नजराणा, ही सोय त्या अधिनियमाने आणली. ‘कधी’चे उत्तर इथेच मिळाले.

‘का’चे उत्तर अधिनियमात नाही, विधेयकात आहे. राजपत्राच्या भाग चारमध्ये अधिनियम छापतात आणि भाग पाचमध्ये विधेयके. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ विधेयकाच्या शेवटी असते, खाली मंत्र्यांचे नाव आणि तारीख. अधिनियमाची प्रत चाळून ‘निवेदन गहाळ आहे’ म्हणणारे चुकीच्या भागात शोधत असतात. जुन्या छापील प्रतींत कायद्याच्या नावाखालीच टीप असते : निवेदनासाठी अमुक सालचे मुंबई सरकारी राजपत्र, भाग पाच, पृष्ठ अमुक. ती टीप जशीच्या तशी उतरवून ग्रंथपालाला दिली की निम्मे काम होते.

विधेयकावरचा विधानसभा विधेयक क्रमांक टिपून ठेवा, चर्चा त्याच्याच आधाराने सापडते. सालात मात्र गफलत होते. नावातले साल विधेयकाचे असते, क्रमांकातले संमतीचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम नावाने १९६० चा, पण क्रमांकाने १९६१ चा २४. भाडे नियंत्रण अधिनियम नावाने १९९९ चा, क्रमांकाने २००० चा १८. म्हणून संमतीच्या तारखेपासून एकेक अधिवेशन मागे जात शोधावे. विधेयकाआधी अध्यादेश निघाला असेल तर त्याच्या शेवटचे निवेदनही वाचा. घाई कशाची होती, ते तिथे जास्त उघडपणे लिहिलेले असते.

विधान भवनाच्या ग्रंथालयात वादविवादांचे खंड मागताना ‘भाग दोन’ मागा. भाग एक प्रश्नोत्तरांचा असतो. विधेयकाची चर्चा सलग एका जागी मिळेल असे समजू नका. सादर झाल्याचा दिवस वेगळा, पहिल्या वाचनाचा वेगळा, खंडशः विचाराचा, म्हणजे एकेका कलमावरच्या चर्चेचा, आणखी वेगळा असू शकतो. शब्द बदलतात ते खंडशः विचारात, तेव्हा ती पाने सोडू नका. विधान परिषदेचे खंड स्वतंत्र असतात. ते न पाहता काम संपले असे मानणे ही आम्हाला सर्रास दिसणारी चूक आहे.

आणखी एक अडचण नावाची. २०१२ च्या अधिनियम २४ ने अनेक कायद्यांच्या नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ घातले, तेही १ मे १९६० पासूनच्या अंमलाने. २०१२ च्या आधीचे कागद शोधताना ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८’ हेच नाव वापरा. तळटीपेत १९६० चा ‘अनुकूलन आदेश’ (जुने कायदे नव्या राज्याला जुळवून घेणारा आदेश) दिसला, तर त्या बदलामागे विधेयकच नाही. चर्चा शोधण्यात दिवस घालवू नका.

प्रश्न : आमची जमीन लातूर जिल्ह्यात आहे. हीच पद्धत चालेल का?

उत्तर : पद्धत हीच, पण कायदा दुसरा. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे, तर विदर्भासाठी द्विभाषिक मुंबई राज्यात झालेला १९५८ चा ९९ वा अधिनियम. १९५० साली हैदराबादेत निवडून आलेली विधानसभा नव्हती, ती १९५२ मध्ये आली. त्यामुळे मूळ कायद्यावरची विधानसभेतली चर्चा मिळणारच नाही, सगळी भिस्त त्या वेळच्या राजपत्रावर आणि सरकारी दप्तरावर. १९५४ च्या अधिनियम ३ ने केलेली मोठी दुरुस्ती मात्र विधानसभेतून आली. तिचे खंड हैदराबादला पाहावे लागतील आणि उर्दू वाचणारे कोणी तरी सोबत लागेल. नोव्हेंबर १९५६ नंतरच्या दुरुस्त्यांसाठी पुन्हा मुंबई.

प्रश्न : माहिती अधिकारात ‘ही दुरुस्ती का केली’ असे विचारले, तर ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. आता काय?

उत्तर : त्या कायद्यात कागद मागता येतात, कारणमीमांसा नाही. अर्ज नव्याने करा : ‘अमुक विधेयकाच्या नस्तीतील (फाइलमधील) टिप्पण्या, विधि व न्याय विभागाचे अभिप्राय आणि मंत्रिमंडळ टिप्पणी यांच्या प्रती.’ महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. मंत्रिमंडळाचे कागद म्हणून नकार आला, तर अपिलात कलम ८(१)(झ) चे परंतुक दाखवा. निर्णय होऊन विषय संपल्यावर ते कागद खुले करायचे असतात.

प्रश्न : हे सगळे न्यायालयात कितपत चालते?

उत्तर : कलमाचे शब्द स्पष्ट असतील तर निवेदन त्यांना वळवू शकत नाही. कायदा कोणत्या दोषावर उपाय म्हणून आला, हे दाखवायला मात्र त्याचा उपयोग होतो. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याचे भाषणही त्या हेतूने पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या के. पी. वर्गीस प्रकरणात मानले. सभागृहातल्या इतर सदस्यांच्या भाषणांवर भर देऊ नका. कूळकायद्यापुरते सांगायचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा श्रीराम रामनारायण मेढी निकाल वाचा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ (कुळांनी जमीन खरेदी केली असे मानण्याचा दिवस) ठरवणारी १९५६ ची दुरुस्ती त्यात वैध ठरली आणि १९३९ च्या कायद्यापासूनचा क्रमही त्यात आहे. प्रकरणात लावायच्या प्रतीवर राजपत्राची तारीख, भाग आणि पृष्ठ दिसायलाच हवे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमका हाच मथळा कापला जातो.