वाचक विचारतात : तिसरी डोलकाठी कुठून आली?

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत मुंबई बंदराचं जुनं रंगीत पोस्टकार्ड सापडलं. पांढरी बोट, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. खाली ‘मेडिना, 1911’. पण मेडिनाचे इतर फोटो पाहिले, तर बोट काळी आणि डोलकाठ्या दोनच. चित्रकार चुकला का? आणि मागे गेटवे कसा नाही? – एक वाचक, मिरज

उत्तर : चित्रकार बिचारा बरोबर आहे. तुमचं पत्र वाचून मला भारीच आनंद झाला. आमच्या साताऱ्यात घरटी एक फौजी सापडेल, पण आमच्या गल्लीत नौदलातला मी एकटाच, तोही सिग्नलवाला. निशाणांबद्दल मला कुणी काही विचारतच नाही!

मेडिना ही पी अँड ओ कंपनीची नवीकोरी प्रवासी बोट. दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांना आणायचं, तर राजाची स्वतःची नौका एवढ्या लांबच्या प्रवासाला सोयीची नव्हती. म्हणून मेडिनाला पांढरा रंग दिला आणि तात्पुरती राजनौका केली. आता अडचण निशाणांची. राजा बोटीवर असला की निशाणं तीन : पुढच्या काठीवर नौदल खात्याचं नांगरवालं, मधल्या काठीवर राजाचं, मागच्या काठीवर युनियन जॅक. मेडिनाला काठ्या दोनच. मग काय, तिसरी बसवली! हसू नका. राजा बाराव्या वर्षापासून नौदलात वाढलेला, त्याच्या नजरेतून हे सुटतंय होय? मी एकदा घाईत निशाण उलटं चढवलं होतं, तेव्हा आमच्या साहेबांनी नाश्ता थंड होईस्तोवर झापलं होतं. इथे तर खुद्द बादशहा.

तेव्हा भिंग घ्या आणि मधल्या काठीचा शेंडा बघा. तिथे निशाण असेल, तर चित्र राजा बोटीवर असतानाचं. परत गेल्यावर ती जादा काठी काढली, बोटीला कंपनीचा काळा रंग दिला. तुमचे बाकीचे फोटो त्या रूपातले.

गेटवे दिसणार कसा? 2 डिसेंबर 1911 ला राजा-राणी लाँचमधून अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे समारंभापुरता मंडप होता. गेटवेची पायाभरणीच 1913 ची, उद्घाटन 1924 चं.

पोस्टकार्डावर मागे करड्या युद्धनौका असतील, तर त्याही नीट बघून घ्या. सोबत चार क्रूझर होत्या : डिफेन्स, नेटल, अर्गाइल, कॉक्रेन. काय तो थाट! पण नेटल 1915 च्या डिसेंबरात बंदरात उभी असतानाच दारूगोळ्याच्या स्फोटात गेली. अर्गाइल त्याच वर्षी स्कॉटलंडजवळ खडकावर चढली. डिफेन्स 1916 मध्ये जटलंडच्या लढाईत सगळ्या खलाशांसकट बुडाली. कॉक्रेन 1918 मध्ये, युद्ध थांबल्यावर तीन दिवसांत, लिव्हरपूलजवळ रुतली ती निघालीच नाही. आणि मेडिना? 28 एप्रिल 1917 ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बंगालचे निवृत्त गव्हर्नर कारमायकेल यांनी जमवलेल्या वस्तूही तिच्याबरोबर तळाला गेल्या. पाचांतली एकही राहिली नाही.

पोस्टकार्ड लॅमिनेट मात्र करू नका. मागच्या बाजूला तिकीट-शिक्का असेल, तर त्यावरची तारीख मला जरूर कळवा.