डायरीतली नऊ ध्येयं आणि फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन

ताई, मी ४६ वर्षांची. ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा इंदूरला शिकतोय. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. लग्नाआधी गाणं शिकत होते. 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा दिली आणि मग सुटलं ते सुटलंच. यंदा पाडव्याला नवी डायरी आणून नऊ ध्येयं लिहिली: गाण्याच्या पुढच्या परीक्षा देऊन विशारद होणं, आठ किलो वजन उतरवणं, कार शिकणं, इंग्रजी बोलणं, दरमहा पाच हजार शिल्लक टाकणं, रोज योगासनं, महिन्याला एक पुस्तक, माळा आवरणं, फराळाच्या ऑर्डरी घेणं. त्यासाठी पहाटे पाचला उठायचं ठरवलं आणि दोनेक आठवडे उठलेही. आता पितृपक्ष आला तरी एकाही ओळीपुढे खूण नाही. हे हसतात, "ह्या वयात कुठली विशारद?" म्हणतात. ग्वाल्हेरात राहून गाणं सोडलं ह्याची लाजही वाटते. माझ्यात चिकाटीच नाही का? मला तू म्हणा.
— लष्करातली एक गृहिणी

तुझं पत्र चांगलं चार पानी होतं, वर त्यातलं थोडकंच छापलंय. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला न छापलेल्या भागात सापडलं. तिसऱ्या पानावर तू दिवसाचं वेळापत्रक लिहिलंयस आणि त्यात जाता जाता एक वाक्य आहे: सासूबाईंना सकाळी आठला नाश्त्याआधी आणि रात्री आठला जेवणाआधी इन्सुलिन देते, चार वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही.

चार वर्षं, दिवसातून दोनदा. त्यात सणवार आले, पाहुणे आले, मुलीची पुण्याला पाठवणी आली, तुझा स्वतःचा टायफॉइड आला. हे लिहिणारी बाई पुढच्याच पानावर विचारते की माझ्यात चिकाटी नाही का. अगं, चिकाटीचा प्रश्न तिथंच मिटला.

ते इन्सुलिन चुकत का नाही, हे बघण्यासारखं आहे. तूच लिहिलंयस की ते फ्रिजच्या दारात असतं आणि सुया, कापूस शेजारच्या लाल झाकणाच्या डब्यात. नाश्त्याचा गॅस बंद केला की तुझा हात आपसूक तिकडे जातो. आज द्यावं का, मन लागतंय का, असला विचार मध्ये येतच नाही. शिवाय घरात सगळ्यांना ठाऊक आहे की आठला तू आईंजवळ असणार. त्या वेळी कुणी तुला चहा मागत नाही. फोन आला तर दुसरं कुणी उचलतं. म्हणजे त्या कामाला ठरलेली वेळ आहे, सामान हाताशी आहे आणि घरानं त्याला जागा करून दिलेली आहे. तुझ्या नऊ ध्येयांतल्या एकालाही ह्यातलं काही मिळालेलं नाही. ती डायरीत राहिली आणि डायरी कपाटात.

पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात हेच बारकाईनं तपासलं. 'मी हे करीन' एवढंच मनाशी ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांची कामं जास्त वेळा तडीस जातात, असं त्याला आढळलं. तुझ्या घरी नाश्त्याचा गॅस बंद होणं हे ते 'अमुक' आहे. गाण्यासाठीही असंच काहीतरी शोधायचं.

त्याआधी यादीचं बघू. नऊतलं एक ठेवायचं, आणि ते कोणतं हे तुझं पत्रच सांगतं. आठ ध्येयांना तू मिळून सात ओळी दिल्यास आणि गाण्याला दीड पान. पोळ्या लाटताना गौड सारंग रागातली चीज आठवते, अस्थाई येते, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीशी अडकते आणि मग दिवसभर ती ओळ शोधत राहतेस, असं लिहिलंयस. वजनाबद्दल असं काही लिहिलेलं नाही.

मग बाकीच्या आठांचं काय? शिल्लक टाकायला रोजचा निश्चय लागत नाही. बँकेत एकदा जाऊन आवर्ती ठेव उघड आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून पैसे आपोआप वळते करायला सांग. अर्ध्या तासाचं काम आहे, ह्याच आठवड्यात करून टाक. माळा दिवाळीच्या साफसफाईत आवरला जाईलच. कार पुढच्या वर्षी. उरलेल्या पाच ओळींवर सरळ रेघ मार. त्या वाईट आहेत म्हणून नाही. यादीत पडून राहिल्या की रोज तुला नापास करतात, म्हणून.

आता पहाटे पाचची गोष्ट. गाण्यात पहाटेच्या रियाजाचं महत्त्व आहे, मला ते मान्य आहे. पण मुलगा अभ्यास आटपून रात्री अकराला फोन करतो आणि तू साडेअकराच्या आत आडवी होत नाहीस. सहाला नळ. ह्या घरात पाचचा तास तुझा नाही, तो झोपेतून चोरलेला आहे, आणि चोरलेला तास दोन आठवड्यांहून जास्त टिकत नसतो. शिवाय थोड्याच दिवसांत आपल्याकडची थंडी आणि धुकं सुरू होईल. डिसेंबरात त्या वेळी रजई सोडवत नाही, हे ग्वाल्हेरच्या माणसाला मी काय सांगावं!

तुझ्या वेळापत्रकात मला एकच फट दिसते. तुझे हे पावणेआठला मालनपूरच्या बसला जातात. आठला इन्सुलिन आणि नाश्ता. मग सासूबाई अंगणात उन्हाला पेपर घेऊन बसतात आणि साडेनऊला त्यांची अंघोळ. त्या मधल्या वेळात तू भांडी विसळतेस, कपडे भिजवतेस, भाजी निवडतेस. पावणेनऊ ते साडेनऊ, हा पाऊण तास गाण्याचा. आईंचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवला की पेटीपाशी बसायचं. तानपुऱ्याला तारा नाहीत म्हणालीस, मोबाइलवरचा तानपुरा चालेल. पण पेटी पलंगाखालून काढून उघड्यावर ठेव. ओढून काढावी लागली तर ती निघणार नाही.

आणि भांडी? ती पडून राहतील. इथंच तुझी योजना दरवेळी मोडते, म्हणून जरा थांबून सांगते. पाडव्याला तू नऊ कामं वाढवलीस आणि कमी एकही केलं नाहीस. गाण्यासाठी वेळ काढायचा म्हणजे तो कुठून तरी काढायचा, कुणाच्या तरी सोयीतून. कोणतं काम उशिरा होईल, कोणतं दुसरं कुणी करील आणि कोणतं होणारच नाही, हे डायरीत ध्येयाच्या शेजारी लिहायला हवं होतं. आपल्या घरांतल्या बायका हे लिहीत नाहीत. कुणाला त्रास न देता जे जमेल तेवढंच आपलं, असं आपण धरून चालतो, आणि तसं काहीच नसतं. म्हणून मग पहाटे पाच.

तेव्हा सासूबाईंशी बोलावं लागेल. "गाऊ का मी थोडा वेळ?" असं विचारू नकोस. "आई, सोमवारपासून तुमची अंघोळ दहाला करू. पावणेनऊ ते साडेनऊ मी गायला बसणार आहे. तुम्हाला काही हवं असेल तर त्याआधीच देऊन ठेवते." एवढं शांतपणे सांग आणि सोमवारी बस. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा हाक मारतील. उठून जा, रागावू नकोस, परत येऊन बस. हाका हळूहळू कमी होतील. तू लिहितेस की त्या स्वतः भजनं म्हणायच्या. मला तर वाटतं महिन्याभरात अंगणातून "आज बसली नाहीस का गं?" असं विचारतील.

ह्यांच्या हसण्याकडे वळू. विशारदचं महत्त्व त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यात वर्ष जाईल. त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. जिवाजीगंजातल्या बाईंकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणी लावायची म्हणतेस, ती संपेपर्यंत आठ वाजणार, आणि इन्सुलिन द्यायला घरात तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. पत्रात तू हे अडचण म्हणून लिहिलेलंच नाहीस, इतकं तुझ्या अंगवळणी पडलंय. पण मला तीच सगळ्यात मोठी अडचण वाटते. पुढच्या वेळी आईंना तपासायला नेशील तेव्हा ह्यांना बरोबर घे आणि डॉक्टरांच्या समोर त्यांना शिकव: पेनवर मात्रा कशी लावायची, सुई कुठं टोचायची, रोज जागा का बदलायची, साखर एकदम खाली आली तर काय लक्षणं दिसतात आणि लगेच काय द्यायचं. दोन-चारदा तुझ्यादेखत देऊ दे. त्यांच्या आईचं इन्सुलिन आहे, त्यांना यायलाच हवं. उद्या तू आजारी पडलीस तर? हे गाण्यासाठी नसतं तरी मी सांगितलं असतं.

आता हिशेब वेळेचा. तुझ्या डायरीत 'विशारद, येत्या एप्रिलमध्ये' असं आहे. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस हटकून कमी सांगतो, आधीचा अनुभव डोळ्यांसमोर असला तरी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. मध्यमा पूर्णच्या पुढे 'विशारद प्रथम' आणि मग 'विशारद पूर्ण' अशा दोन पायऱ्या आहेत. तेवीस वर्षांनी पुन्हा गायला बसणाऱ्या माणसानं येत्या एप्रिलचं नाव काढू नये. विशारद प्रथमसाठी पुढच्या वर्षीची दिवाळी धर, पूर्णसाठी त्याच्याही पुढचं वर्ष.

दिवाळीपर्यंत नुसता आवाज लावायचा. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, खर्जाचे स्वर, सावकाश अलंकार. पट्टी बदलावी लागेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पूर्वी तू पेटीच्या 'काळी पाच' पट्टीत गात होतीस, आता तिच्याहून खालची 'काळी तीन' लावून बघ. ह्या वयात बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो आणि खाली त्याला वजनही येतं. दिवाळीनंतर एकच राग, आणि तो तुझा गौड सारंगच. त्याला दुपारची वेळ सांगितलीय हे खरं, पण अंतरा बाईंकडून पक्का करून घ्यायला घड्याळ आडवं येत नाही. डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी तानसेन समारोहाला जा, नुसती ऐकायला. तिथून घरी आल्यावर त्या आठवड्यात केव्हातरी एक विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, पंधरा मिनिटांचा, सासूबाईंना आणि ह्यांना समोर बसवून गा. ही तुझी पहिली परीक्षा.

खाडे होतीलच. श्राद्धपक्ष, पाहुणे, आईंचं दुखणं. अशा दिवशी पाच मिनिटं सा लाव आणि ऊठ. दुसऱ्या दिवशी कालचा तास भरून काढायला बसू नकोस, पाऊणच तास. थकबाकी चढवली की तिसऱ्या दिवशी माणूस पेटीकडे बघत नाही.

लाजेचं म्हणशील तर ग्वाल्हेरचं गाणं तुझ्या डोक्यावर ओझं म्हणून ठेवायला मी तयार नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तू जी परीक्षा देऊ म्हणतेस ती त्याच परंपरेतली. इथल्या माधव संगीत महाविद्यालयाला १९१८ पासून शंभरावर वर्षं झाली. ह्या गावात शिकवणारी माणसं पायी जाण्याच्या अंतरावर मिळतात, नागपूर-पुण्याबाहेरच्या कितीतरी मराठी बायकांना ते मिळत नाही. गावाचा एवढा उपयोग करून घे.

होळीपर्यंत गाऊन झाल्यावर कदाचित तुला वाटेल की परीक्षा नकोच, नुसतं गायचंय. तसं वाटलं तर खुशाल फॉर्म भरू नकोस, पण पाऊण तास सोडू नकोस. आणि द्यावीशी वाटली तर त्यासाठी एक काम आत्ताच करून ठेव. मध्यमा पूर्णचं प्रमाणपत्र शोध. ते माहेरच्या नावानं असणार, तेव्हा नावबदलासाठी काय कागद लागतील ते परीक्षा केंद्रावर विचारून घे. प्रमाणपत्र माहेरीच राहिलं असेल, तर भाऊबीजेला जाशील तेव्हा ओवाळणीच्या आधी भावाला माळ्यावर चढव.