लॉकडाऊनला इतकी वर्षं झाली तरी भाऊ सावरत नाही. त्याला आत्महत्येबद्दल थेट विचारावं का?

हो, थेट विचारा. आणि आजच विचारा.

तुम्ही लिहिलंय की 2020 मध्ये भावाची पुण्यातली नोकरी गेली, तो गावी आला, आता कामाला जातो, हप्तेही भरतो. पण रात्र रात्र जागा असतो, कुणात मिसळत नाही, आणि मध्यंतरी आईजवळ बोलून गेला की "मी नसतो तर तुमच्या डोक्याचा ताप कमी झाला असता." लॉकडाऊनचा यात किती हात आहे ते नंतर बघू, आधी त्या वाक्याचं बघा.

"जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?" असं सरळ शब्दांत विचारलं म्हणून नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला मात्र बाहेर येतो, आणि बोलून टाकलं की माणूस जरा सैल होतो. आपण काय करतो, "तसलं काही मनात आणू नको हं" असं आडून म्हणतो. मग तो "छे, काहीतरीच" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. त्याने "हो" म्हटलं तर दचकू नका, आणि "आईचं काय होईल याचा विचार कर" हे तर मुळीच नको. आपलं ओझं झालंय असं वाटणाऱ्या माणसाला त्यात आणखी एक आरोपच ऐकू येतो. कधीपासून वाटतं, किती वेळा, काही ठरवलंय का, हे विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली आणि शेतातली औषधं कुलपात घाला नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री 14416 लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फोन त्यानेच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर 112.

आता मी कोण सांगणारा? मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. इचलकरंजीत माझं मेडिकल आहे. 24 मार्च 2020 च्या रात्री घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गावातले यंत्रमाग थांबले. इथे लहानपणापासून खटखट ऐकत झोपलेल्या लोकांना त्या शांततेतच झोप येईना. सगळं बंद, पण मेडिकल उघडं, त्यामुळे गाव माझ्या काउंटरवरून दिसायचं.

पहिले महिने लोक घाबरलेले होते, पण खचलेले नव्हते. थर्मामीटर, सॅनिटायझर, व्हिटॅमिन सी आणि होमिओपॅथीच्या त्या आर्सेनिकच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या (त्यावर माझं मत विचारू नका). सगळ्यांचंच बंद होतं, त्यामुळे कुणाला कुणापुढे कमीपणा नव्हता. हप्तेही थांबले होते, रिझर्व्ह बँकेची सवलत 31 ऑगस्ट 2020 पर्यंत होती. खरी कळ त्यानंतर सुरू झाली. सवलतीतलं व्याज मुदलावर चढलं, मायक्रोफायनान्सची माणसं परत दारात यायला लागली, सुताचा भाव वर आणि कापडाला उठाव नाही. चार-सहा माग घेऊन मजुरीवर कापड विणणारे आमचे खर्चीवाले त्यात सगळ्यात आधी सापडले. काहींनी माग भंगारात घातले आणि काल ज्याच्या शेजारी मालक म्हणून बसायचे त्याच्याच कारखान्यात कामगार म्हणून गेले. "झोपेची एखादी गोळी द्या की" असं ओळखीची माणसं मला विचारायला लागली ती याच काळात. अशी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, त्यातल्या बऱ्याच शेड्यूल एच-1 मध्ये येतात, वेगळ्या रजिस्टरला नोंद लागते. पण मागणाऱ्याचा चेहरा बघून कळायचं की प्रश्न झोपेचा नाहीये.

म्हणून तुमचा "इतक्या उशिरा कसं?" हा प्रश्न मला विचित्र वाटत नाही. जपानमध्ये हे आकड्यांत स्वच्छ दिसलं. 2020 च्या पहिल्या लाटेत तिथल्या आत्महत्या चक्क घटल्या, आणि जुलैपासून वाढल्या, त्यातही बायकांच्या जास्त. वर्षाचा आकडा अकरा वर्षांत पहिल्यांदा वर गेला. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षाचे असतात, तरी चढ दिसतो: 2019 मध्ये 1,39,123, 2020 मध्ये 1,53,052, 2021 मध्ये 1,64,033, 2022 मध्ये 1,70,924. महाराष्ट्र या सगळ्या वर्षांत पहिला. 2021 मध्ये जवळपास दर चौथा माणूस रोजंदारीवरचा होता.

या आकड्यांवरून "लॉकडाऊनने मारलं" असं मी म्हणणार नाही. ते पोलिसांच्या कागदावरचे आकडे आहेत, आणि कारणांच्या रकान्यात सगळ्यात मोठा वाटा "कौटुंबिक समस्या" या शब्दांचा. त्या दोन शब्दांत कर्ज, दारू, मोडलेलं लग्न, उपचार न झालेलं नैराश्य, काहीही मावतं. एका कारणाने कुणी जात नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत नोकरी हे निमित्त असेल, पण आज जे चाललंय तो आजार असू शकतो, आणि नोकरी परत मिळाली म्हणून आजार आपोआप जात नाही. घरचे नेमके इथे फसतात. "आता तर सगळं सुरळीत आहे, मग हा असा का?"

औषधांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते रोज हाताखालून जातं. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी लिहिली तर ती झोपेची गोळी नव्हे, आणि तिचं व्यसनही लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्यांची, म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी मळमळ, पोट बिघडणं, बेचैनी असलं दिसतं. म्हणजे त्रास पहिल्या आठवड्यात आणि गुण चौथ्यात. बरेच लोक मधेच सोडतात ते यामुळे. या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्यावर लक्ष ठेवा, बेचैनी फार वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

दुसरी गळती बरं वाटल्यावर होते. एक वहिनी नवऱ्याची गोळी न्यायला यायच्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की आधी ओआरएसची पुडी मागायच्या, ते गेलं की मग पर्समधून चिठ्ठी काढायच्या. स्ट्रिप कापून पाचच गोळ्या हव्या असायच्या, पैशांसाठी नव्हे, सासूच्या नजरेला पडू नये म्हणून. नवऱ्याला बरं वाटलं तशा यायच्या बंद झाल्या, आणि काही महिन्यांनी परत आल्या, तेव्हा त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होती. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा जास्त गोळी चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. खर्चाची धास्ती असेल तर जनऔषधीत हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की पोलीस केस होईल का. मनात विचार येणं हा गुन्हा नव्हताच कधी. प्रयत्न केलेल्या माणसालाही 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तीव्र तणावाखालचा माणूस मानतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. तो मे 2018 पासून लागू आहे. त्यामुळे या भीतीने दवाखाना टाळू नका.

पहिल्या भेटीला तुम्ही बरोबर जा. जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: झोप किती वाजता लागते, कधी मोडते, वजन उतरलंय का, दारू किती, आधी कुठली गोळी घेतली होती, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, आणि आईजवळ तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. ओपीडीत गर्दी असते आणि हा बहुतेक "काही नाही, झोप येत नाही एवढंच" म्हणेल. त्याच्यासमोरच तो कागद डॉक्टरांना द्या, त्याच्या पाठीमागे नको.